देव कोणत्या विभक्तीत आहे?

ऐरोलीच्या एका २६ वर्षांच्या मुलाचा प्रश्न आहे. घरी दीड दिवसाचा गणपती असतो. वडिलांना आता मांडी घालून बसवत नाही, म्हणून यंदा पूजेला मुलाने बसावं असं त्यांनी सुचवलं. मुलगा म्हणाला, "मी देव मानत नाही. पाटावर बसलो तर ते ढोंग होईल." वडील त्यावर काहीच बोलले नाहीत, आणि त्या दिवसापासून घरात गणपतीचा विषयच निघत नाही. मुलाने विचारलंय: तत्त्वज्ञानात देवाची नेमकी व्याख्या काय? ती कळली, तर मला प्रामाणिकपणे पूजेला बसता येईल की नाही हे ठरवता येईल.

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात ३१ वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. तुझ्या वयाची मुलं समोर असायची, म्हणून तुला 'तू'च म्हणते. या 'तू'चं पुढे काम पडणार आहे.

आधी एक शब्द नीट करून घेऊ. तू स्वतःला नास्तिक म्हणतोस. आपल्या जुन्या शास्त्रांत नास्तिक म्हणजे देव न मानणारा नव्हे. मनुस्मृती सांगते 'नास्तिको वेदनिन्दकः', म्हणजे वेदाची निंदा करणारा तो नास्तिक. त्यामुळे सांख्य आणि मीमांसा ही दोन्ही दर्शनं आस्तिकांत मोडतात, आणि जग घडवणारा ईश्वर दोघांनाही मान्य नाही. सांख्यसूत्रांत तर 'ईश्वरासिद्धेः' असा सरळ शब्द आहे: ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून. मग जड प्रकृती, म्हणजे जगाचं अचेतन मूळ द्रव्य, आपोआप कशी चालते? सांख्यकारिकेचं उत्तर गोठ्यातलं आहे. वासराच्या वाढीसाठी गाईला पान्हा फुटतो, दुधाला काय कळतं? तरी ते वाहतं. आणि मीमांसक म्हणजे यज्ञातली एक आहुती, एक स्वर चुकू न देणारी माणसं. त्यांच्यातला कुमारिल भट्ट सृष्टिकर्त्याच्या कल्पनेला विचारतो: सृष्टीच्या आधी त्याला शरीर होतं का? आणि त्याने हे सगळं कशासाठी केलं? 'प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते', हेतूशिवाय मठ्ठ माणूससुद्धा हातपाय हलवत नाही. म्हणजे कर्मकांड मनापासून करायचं आणि जगाचा कर्ता मानायचा नाही, ही जोडी आपल्याकडे किमान तेरा शतकांची आहे. तुझ्या घरात ती पहिल्यांदा आलेली नाही.

आता व्याख्या. एकच व्याख्या कोणी देऊ शकणार नाही, आणि याचं कारण तत्त्वज्ञांचं एकमत होत नाही एवढंच नाही. प्रत्येकाचा मूळ प्रश्नच वेगळा आहे. एकाला विचारायचंय, हे कोणी केलं? दुसऱ्याला, हे कशातून आलं? तिसऱ्याला, मी आता कोणाला हाक मारू? तिघेही उत्तराला 'देव' म्हणतात आणि मग आपण त्यांना एकाच रिंगणात उभं करून कुस्ती लावतो.

एके वर्षी हे वर्गाला समजावताना मी वैतागून फळ्यावर शाळेतल्या विभक्त्या लिहिल्या, प्रथमा ते संबोधन, आणि मुलांना म्हटलं, देव या शब्दाला कोणता दर्शनकार कोणती विभक्ती लावतो ते शोधा. तेव्हापासून दरवर्षी तोच तास मी तसाच घेतला. सगळ्यांना विभक्ती बसत नाही, ओढून बसवूही नये. पण जिथे बसते तिथे खूप काही उलगडतं.

प्रथमा म्हणजे कर्ता. हा नैयायिकांचा, म्हणजे न्याय दर्शन मानणाऱ्यांचा, ईश्वर. दहाव्या शतकात मिथिलेत उदयनाचार्य होऊन गेले. त्यांचा 'न्यायकुसुमांजली' हा ग्रंथ ईश्वर सिद्ध करण्यासाठीच लिहिलेला आहे. त्यातला पहिला युक्तिवाद तुला ओळखीचा वाटेल. घडा हे कार्य आहे, त्याला कुंभार असतो. जमीन, अंकुर, डोंगर हीसुद्धा कार्यं आहेत, म्हणून त्यांनाही कोणी जाणता कर्ता असला पाहिजे. इथे एक गोष्ट नीट बघ. कुंभार माती निर्माण करत नाही. न्यायाचा ईश्वरही परमाणू निर्माण करत नाही, जीवही निर्माण करत नाही. ते आधीपासून आहेतच. तो जुळवणी करतो. ख्रिस्ती धर्मविचारात ज्याने शून्यातून सगळं उत्पन्न केलं, तो हा नव्हे. भाषांतरात दोन्हीकडे 'जगाचा निर्माता' असं लिहिलं जातं आणि घोटाळा होतो.

या कुंभाराला सर्वांत नेमका धक्का दिला तो उदयनांच्या आधीच, बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी. ते म्हणाले, मातीला आकार आलाय एवढ्यावरून कुंभार मानायचा, तर मग वारूळही कुंभारानेच केलं असं म्हणावं लागेल. येऊरच्या रानात पावसाळ्यानंतर कमरेएवढं वारूळ दिसतं. जवळ जाऊन बघ. आत बोगदे असतात, हवा खेळते, बाहेरची बाजू थापून काढल्यासारखी गुळगुळीत असते. नमुना नाही, आराखडा नाही, तरी घडलेलं आहे. घड्याच्या बाबतीत कुंभार आपण पाहिलेला असतो, म्हणून अनुमान चालतं. जगाच्या बाबतीत कुंभार कोणी पाहिलाय? युरोपात तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने जवळपास हाच मुद्दा मांडला. धर्माविषयीचं त्याचं संवादरूपी पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १७७९ साली छापलं गेलं. मला विचारशील तर या वादात धर्मकीर्तींची बाजू भक्कम आहे. उदयनांच्या ग्रंथातल्या पाच स्तबकांमधली, म्हणजे प्रकरणांमधली, बुद्धी थक्क करणारी आहे, तरी कार्यावरून कर्त्याकडे जाणारा तो पूल मला आजवर ओलांडता आलेला नाही.

पण उदयनांबद्दल एक आख्यायिका आहे, ती मी कधी विसरत नाही. ते पुरीला जगन्नाथाच्या दर्शनाला गेले आणि दार बंद होतं. बाहेर उभं राहून ते देवाला म्हणाले: 'ऐश्वर्यमदमत्तोऽसि मामवज्ञाय वर्तसे। उपस्थितेषु बौद्धेषु मदधीना तव स्थितिः॥' ऐश्वर्याने तुला मद चढलाय, माझी अवज्ञा करतोस. बौद्ध समोर उभे ठाकले की तुझं असणं माझ्या हातात आहे. हे घडलं की नाही सोड. ज्याने आयुष्यभर 'तो' सिद्ध केला, त्याच्या तोंडी लोकांनी बंद दारापाशी 'तू' घातला, हे मला महत्त्वाचं वाटतं. हे लक्षात ठेव.

मीमांसकांची विभक्ती चतुर्थी. 'इंद्राय स्वाहा', 'अग्नये स्वाहा'. देवता म्हणजे कोण, तर ज्याच्या नावाला चतुर्थी लावून आहुती सोडली जाते ती. तिला हात-पाय आहेत का, ती येऊन आहुती खाते का, प्रसन्न होते का, या प्रश्नांत मीमांसकाला रस नाही. देवता मंत्रातल्या शब्दाएवढीच. ऐकताना हे कोरडं वाटतं. पण विचार कर, एखादी गोष्ट 'कोणासाठी तरी' करणं आणि नुसती करणं यात फरक आहे की नाही? घरातली बाई पहिली पोळी काढून बाजूला ठेवते. त्या पोळीचं पुढे काय होतं यावर तिचा हिशेब अवलंबून नसतो. मीमांसकांनी ते 'साठी' तेवढं जपलं आणि बाकीचं सोडून दिलं.

वेदान्ताची पंचमी. वेदान्ताचा मूळ ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांतलं दुसरंच सूत्र आहे 'जन्माद्यस्य यतः', या जगाचं जन्म वगैरे ज्याच्यापासून होतं ते ब्रह्म. कर्ता बाहेर उभा राहतो, 'ज्याच्यापासून' मात्र आतलं असतं. मडकं कुंभाराने केलं असं म्हणतोस तसं ते मातीपासून झालं असंही म्हणतोस. शंकराचार्यांच्या मते ब्रह्म ही दोन्ही कारणं एकदमच आहे. त्याच्याही पलीकडे गेलं की 'नेति नेति', हे नाही, तेही नाही. तिथे नामच उरत नाही, मग विभक्ती कशाला लावणार? बृहदारण्यक उपनिषदात विदग्ध शाकल्य याज्ञवल्क्याला विचारतो, देव किती? उत्तर येतं, ३३०६. बरं, पण खरे किती? ३३. खरे किती? ६. मग ३, मग २, मग दीड, मग एक. लहानपणी मला हा 'दीड' फार मजेशीर वाटायचा. पुढे कळलं की तोच सर्वांत गंभीर आहे: वाहणारा वारा, ज्याच्यामुळे सगळं वाढतं. देवांची संख्या हा मोजण्याचा विषय नाही, कुठल्या पातळीवर उभं राहून बघतोस त्यावर ती ठरते, हे त्या काळी एका चर्चेत इतक्या सहज बोललं गेलं.

सप्तमी डच तत्त्वज्ञ स्पिनोझाला. जे जे आहे ते देवात आहे, देवावाचून काही असूच शकत नाही. देव किंवा निसर्ग, दोन्ही एकच. त्याला २७ जुलै १६५६ ला अ‍ॅम्स्टरडॅमच्या ज्यू समाजाने बहिष्कृत केलं, तेव्हा तो २३ वर्षांचा होता, तुझ्याहून लहान. त्याचा देव रागावत नाही, निवड करत नाही, नवसाला पावत नाही. आणि स्पिनोझा याची पूर्ण किंमत मोजतो: जो देवावर प्रेम करतो त्याने, देवानेही उलट आपल्यावर प्रेम करावं अशी धडपड करू नये, असं तो लिहितो. मी वाचलेल्या तत्त्वज्ञांमध्ये इतका निर्मळ माणूस थोडाच असेल. विज्ञान शिकलेल्या माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांना शेवटी हाच देव पटायचा. कदाचित तुलाही पटेल. पण मग त्याला हाक मारता येत नाही, हे मान्य करावं लागतं.

षष्ठीबद्दल एकच श्लोक सांगते. परंपरा तो शंकराचार्यांचा मानते. 'सत्यपि भेदापगमे नाथ तवाहं न मामकीनस्त्वम्।' भेद गळून पडला तरी, नाथा, मी तुझा आहे, तू माझा नाहीस. लाट समुद्राची असते, समुद्र लाटेचा नसतो. अद्वैत सांगणाऱ्याच्या नावावरचा हा श्लोक, आणि त्यात पुन्हा 'तू'. रामानुजांनी तर सगळं जग हे देवाचं शरीर म्हटलं, तीही षष्ठीच. द्वितीयेत आणि तृतीयेत मी कोणाला जबरदस्तीने बसवलं नाही.

आता ज्या आक्षेपाने माणसं खरोखर देव सोडतात त्याकडे येते. तुझ्या प्रश्नात तो नाही, पण तो टाळून पुढे गेले तर ती माझी फसवणूक होईल. देव चांगला आहे आणि समर्थ आहे, तर मग हे एवढं दुःख का? ब्रह्मसूत्रांत हा आक्षेप सूत्रातच आहे, 'वैषम्यनैर्घृण्ये न': देवावर पक्षपाताचा आणि निर्दयतेचा दोष येत नाही. का येत नाही, तर तो प्राण्यांच्या कर्माला धरून देतो म्हणून. शंकराचार्य इथे पावसाचा दृष्टांत देतात. भातावर आणि जवावर पाऊस सारखाच पडतो. पीक वेगळं येतं ते बियांतल्या फरकामुळे.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि आमच्याकडे कळवा, मुंब्रा, दिवा सगळं पाण्यात. कॉलेज पुन्हा सुरू झाल्यावर माझा पहिलाच तास नेमका या सूत्रावर होता. अभ्यासक्रमात पुढचा मुद्दा तोच होता, मी विचारच केला नाही. पावसाचा दृष्टांत सांगून झाला. कळव्याच्या चाळीतून येणारी एक मुलगी मागच्या बाकावरून उठली. तिच्या वहीची पानं पाण्याने फुगून लाटेसारखी झाली होती. ती म्हणाली, "मॅडम, पाऊस सगळ्यांवर सारखाच पडला. पाणी मात्र तळमजल्यावरच शिरलं." मी खडू हातात धरून उभी राहिले. तिने दृष्टांत चुकीचा ठरवला नव्हता. तिने तो पुढे नेला होता. फरक बियांचा नव्हता, जमिनीच्या उताराचा होता, नाल्याचा होता, कोणाला कुठे राहायला परवडतं याचा होता. त्या दिवसानंतर कर्मसिद्धान्ताचं हे उत्तर, सोसणाऱ्या माणसाच्या तोंडावर मी कधीही दिलं नाही. स्वतःच्या दुःखाबद्दल कोणी तसं स्वतःहून म्हणत असेल तर मी ऐकून घेते. दुसऱ्याच्या दुःखाबद्दल ते बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही. याच कारणासाठी माझ्या मनातून हिशेब ठेवणारा देव गेला, तो परत आला नाही.

महाराष्ट्रात हे दोन मोठ्या माणसांना माझ्या कितीतरी आधी कळलं होतं. जोतीराव फुल्यांनी कर्ता ठेवला, पण त्याला नवं नाव दिलं, निर्मिक. कारण जुन्या प्रत्येक नावाजवळ एक मध्यस्थ हात पुढे करून बसलेला होता. निर्मिकाने सगळ्यांना सारखं निर्माण केलं, संपला विषय, मध्ये कोणी नको. त्यांचं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' ते गेल्यावर १८९१ साली निघालं. डॉ. आंबेडकरांनी पुढचं पाऊल टाकलं. त्यांच्या बुद्धाच्या धम्मात देव नाही. धर्मात देवाची जी जागा असते, ती धम्मात नीती घेते. देवाची कल्पना माणसाच्या हातून काय करून घेते, या कसोटीवर दोघांनी ती घासली. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत ही कसोटी बऱ्याचदा प्रस्तावनेतही नसते.

आता संबोधन. माझ्या सगळ्या तासाचा रोख इकडेच असायचा.

अकराव्या शतकातल्या अन्सेल्म या ख्रिस्ती धर्मपंडिताचा युक्तिवाद पाठ्यपुस्तकांत असा देतात: ज्याच्याहून मोठं काही कल्पिताच येत नाही तो देव, तो फक्त मनात असेल तर प्रत्यक्षात असलेला त्याच्याहून मोठा ठरेल, म्हणून तो आहेच. यावर जर्मन तत्त्वज्ञ कांट म्हणतो, शंभर नाणी आहेत असं कल्पिल्याने खिशात काही पडत नाही. बरोबर आहे. परीक्षेत इथवर लिहिलं की पूर्ण गुण. पण अन्सेल्मचं मूळ लिखाण उघडलं की ती प्रार्थना निघते. तो लिहितो, आम्ही मानतो की 'तू' असं काही आहेस ज्याच्याहून मोठं कल्पिता येत नाही. पाठ्यपुस्तकाने 'तू' काढून 'तो' घातला आणि युक्तिवाद उघडा पडला. 'तू' परत घातल्याने तो सिद्ध होतो असं मी म्हणत नाही. पण तो माणूस काय करत होता ते तरी कळतं. तो ज्याच्याशी बोलत होता त्यालाच समजून घ्यायची धडपड करत होता. फ्रेंच गणितज्ञ आणि विचारवंत पास्काल गेल्यावर त्याच्या कोटाच्या अस्तरात शिवलेला एक कागद मिळाला. त्यावर तारीख होती २३ नोव्हेंबर १६५४, आणि शब्द होते: अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव, तत्त्वज्ञांचा आणि विद्वानांचा नव्हे.

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ बेने इस्रायल ज्यूंचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनाघर, आहे, शार हशामाईम, म्हणजे स्वर्गाचं दार. १८७९ सालचं. घरात मराठी बोलणारी ही माणसं, आणि त्यांच्या देवाची मूर्ती नाही, चित्र नाही, चार अक्षरांचं नाव लिहिलेलं असतं पण ते उच्चारायचं नाही. त्या जागी 'अदोनाय', प्रभू, असं वाचायचं. त्यांच्या परंपरेतला सर्वांत मोठा तत्त्वज्ञ मैमोनिदिस १२०४ साली गेला. तो म्हणतो, देवाबद्दल 'तो अमुक आहे' असं काही म्हणूच नका, 'अमुक नाही' एवढंच म्हणता येईल. आपल्या नेति नेतिचा सख्खा भाऊ. आणि तरी त्याच्या धर्मातले आशीर्वाद सहसा सुरू होतात ते 'बारूख अता' या शब्दांनी. अता म्हणजे तू. ज्याच्याविषयी एकही विधान करता येत नाही, त्याला दिवसातून तीनदा 'तू' म्हणायचं. मला यात विसंगती दिसत नाही. विधान करणं आणि हाक मारणं ही भाषेची दोन वेगळी कामं आहेत.

आपल्या भाषेत हे जास्तच जवळून दिसतं. मराठीत मोठ्या माणसाला 'तुम्ही' म्हणतो. माझ्या लहानपणी वडिलांना 'अहो बाबा' होतं. आईला मात्र 'ए आई', आणि देवाला 'तू'. विश्वाच्या मालकाला आदरार्थी बहुवचन नाही. ज्ञानेश्वरांचा अभंग तू ऐकलाच असशील: 'तुज सगुण म्हणों कीं निर्गुण रे । सगुण निर्गुण एकु गोविंदु रे ॥' आणि पुढची ओळ, 'अनुमानेना अनुमानेना । श्रुति नेति नेति म्हणती गोविंदु रे ॥' बघ काय केलंय. 'अनुमानेना', तू अनुमानात सापडत नाहीस. उदयनांच्या कुंभारापाशी आपण जिथे अडलो, ती अडचण एका शब्दात मान्य. 'नेति नेति', उपनिषदांची हार तीही मान्य. सगुण की निर्गुण, हा आचार्यांच्या मोठमोठ्या भाष्यांतला वाद, तो घेऊन ज्ञानदेव तिसऱ्याकडे न्याय मागायला जात नाहीत. ते गोविंदालाच विचारतात, तुला काय म्हणू? आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी 'रे'. लंगोटीमित्राला लावतो तो 'रे'. असा 'रे' संस्कृत भाष्यांत सहसा येत नाही. देव काय आहे ते ठरल्यावर हाक मारायची, असा क्रम इथे नाहीच. न ठरताच हाक सुरू आहे, आणि तो न ठरलेला प्रश्नही त्या हाकेतच आहे.

माझं स्वतःचं विचारशील तर कर्ता मला पटलेला नाही, हिशेबनीस गेला ते सांगितलंच. बुद्धी शांत असते तेव्हा मी स्पिनोझाजवळ असते. सकाळी तलावपाळीला फेरी मारून कोपिनेश्वराच्या देवळात शिरते, ते भलंमोठं शिवलिंग समोर येतं, आणि 'रे' सुटत नाही. या तिन्ही गोष्टी माझ्यात एकत्र नांदतात. ३१ वर्षांत मला त्या एका सिद्धान्तात बसवता आल्या नाहीत, आणि आता बसवण्याची ओढही उरलेली नाही.

आता तुझा पाट. पूजेत नेमकं काय म्हणायचं असतं ते एकदा पोथी उघडून बघ, कारण प्रामाणिकपणाचा प्रश्न वाक्यांवर ठरतो. प्राणप्रतिष्ठेत मूर्तीच्या हृदयाला हात लावून म्हणतात: 'अस्यै प्राणाः प्रतिष्ठन्तु अस्यै प्राणाः क्षरन्तु च।' क्रियापद बघ. 'प्रतिष्ठन्ति' नाही, 'प्रतिष्ठन्तु'. आज्ञार्थ आहे. हिच्या ठायी प्राण येवोत. इथे प्राण आहेत असं विधान तू करत नाहीस, म्हणून ते खोटं ठरण्याचा प्रश्न येत नाही. पुढे सोळा उपचार: ये, बस, पाय धू, पाणी घे, स्नान कर. दारी आलेल्या पाहुण्याचं जे करतो ते सगळं. त्यांच्या श्लोकांतही संबोधन आणि आज्ञार्थ येतात, आणि जोडीला 'समर्पयामि', अर्पण करतो, जे तू तेव्हा खरोखर करतच असतोस. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होते, अक्षता वाहून मूर्ती जागची किंचित हलवतात, आणि कालपर्यंत जिच्यासमोर कापूर जाळला ती पुन्हा माती होते, कृत्रिम तलावात सोडायला मोकळी. 'पुनरागमनाय च', परत येण्यासाठी जा. मूर्ती म्हणजेच देव असं मानल्याचा आरोप ज्यांच्यावर आपण करतो, त्यांच्याच पोथीत देव मूर्तीत येण्याची आणि तिच्यातून जाण्याची वेळ ठरवून दिलेली आहे.

तू म्हणशील, विनंतीसुद्धा कोणीतरी ऐकतंय असं धरूनच करतात. हा आक्षेप बरोबर आहे, मी तो झटकणार नाही. पण आपण 'सुखी राहा' म्हणतो, गेलेल्या माणसाच्या फोटोला 'बघ, तुझा नातू पास झाला' असं सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याचा पुरावा आधी मागत नाही आणि तरी खोटंही बोलत नसतो. कुठे थांबायचं ते तुझं तुला कळेल.

पोथीत एक जागा मात्र खरंच अडेल, ती म्हणजे संकल्प. 'श्रुतिस्मृतिपुराणोक्तफलप्राप्त्यर्थं … पूजनं करिष्ये.' हे प्रथमपुरुषातलं विधान आहे: अमुक फळासाठी मी हे करीन. त्या फळावर तुझा विश्वास नसेल तर ते वाक्य तू म्हणू नकोस. संकल्प बाबांनी खुर्चीत बसून करावा. त्यांचा तो खरा आहे. पुढचे हात तुझे. गुरुजींना आधी सांगून ठेव, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आणि बाबांनाही आधी सांग, की तुम्ही मानता तो देव मला अजून कळलेला नाही, पण तुमच्या संकल्पाला मी हात द्यायला तयार आहे. जमलं तर त्यांना विचारही, आरतीत डोळे मिटल्यावर ते कोणाशी बोलतात. बहुतेक घरांत मुलांनी वडिलांना हे कधी विचारलेलंच नसतं.

पूजेच्या शेवटी एक श्लोक येतो. गुरुजी तो घाईत म्हणून टाकतात. 'आवाहनं न जानामि न जानामि तवार्चनम्। पूजां चैव न जानामि क्षम्यतां परमेश्वर॥' तुला बोलावणं मला माहीत नाही, तुझं अर्चन माहीत नाही, पूजा तर माहीतच नाही. तेवढा श्लोक तू गुरुजींच्या मागून पुटपुटू नकोस. स्वतः म्हण, हळू आणि मोठ्याने, खुर्चीत बसलेल्या बाबांना ऐकू जाईल असा.